रोलप्लेच्या ग्रुपमध्ये दोन पात्रांचं जुळलं आणि बाकीचे गप्प झाले, तर रोमान्स बंदच करायचा का?

भाऊ, प्रश्न नीट वाचला. नंतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही डिस्कॉर्ड या चॅट-अ‍ॅपवर, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मराठीत लिहून खेळायचा ग्रुप चालवता, सात जण आहेत, गोष्ट १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाच्या तयारीच्या दिवसांतली. त्यात अमळनेरहून आलेली एक स्वयंसेविका आणि भुसावळ स्टेशनचा तारबाबू (तारा घेणारा-पाठवणारा कारकून) या दोन पात्रांचं जुळलं. आता ते दोघं रात्री अकरानंतर बसून पानंच्या पानं लिहितात, बाकीचे पाच जण हळूहळू गप्प झालेत, त्यातला एक तर सोडूनच गेला, आणि कोणीतरी म्हटलं की रोमान्सवर सरळ बंदी घाला. तुम्ही विचारताय की घालू का, आणि मुळात रोलप्लेच्या गोष्टीत प्रेमाचं काम तरी काय.

मी भुसावळचीच. बरीच वर्षं असे ग्रुप चालवतेय, आधी फोरमवर, मग डिस्कॉर्डवर, आणि हा पेच जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये कधी ना कधी येतोच. बंदी घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हीच दोन पात्रं रात्रभर बुद्धिबळ खेळत बसली असती आणि त्याचे दोनशे मेसेज पडले असते तरी बाकीचे असेच गप्प झाले असते. तुमची गोष्ट अशा जागी जाऊन बसलीय जिथे बाकीच्यांना शिरायला दारच नाही, हा खरा प्रॉब्लेम आहे. प्रेमात हे पटकन होतं एवढंच, कारण प्रेमाचा सीन लिहिताना आपण आपसूक दोघांना एकटं सोडतो, खोलीत, नदीकाठी, गच्चीवर, आणि तिथे तिसरा आला की तो आगाऊ वाटतो.

आता काही गोष्टी तुमच्या ग्रुपवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. ते दोघं खऱ्या आयुष्यात एकमेकांचे कोणी आहेत का, सगळे अठराच्या वरचे आहेत का, बाकीच्यांना मुळात राजकारणाची गोष्ट हवी होती का माणसांची, आणि गेलेला माणूस यामुळेच गेला का परीक्षा, नोकरी, घर अशा कशामुळे गेला. यातलं काहीही वेगळं निघालं तर माझ्या सल्ल्यातलं थोडं इकडेतिकडे होईल. वयाचं मात्र इकडेतिकडे होणार नाही, त्यावर खाली बोलते.

आधी प्रेमाचं काम. टेबलावरच्या खेळात फासे असतात, पॉइंट असतात, पात्र मरू शकतं, त्यामुळे भीती आपोआप येते. नुसतं लिहून खेळायच्या रोलप्लेमध्ये तसं काही नसतं, कोणी कोणाचं पात्र परवानगीशिवाय मारत नाही, मग पात्राला गमवायला काहीच उरत नाही आणि सगळे नुसते बाणेदार वाक्यं टाकत फिरतात. प्रेम आलं की पात्राकडे हरवण्यासारखं काहीतरी येतं. तुमच्या तारबाबूचंच बघा ना. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा नोकर, सरकारी-रेल्वेच्या तारा त्याच्या हाताखालून जाणार, आणि अधिवेशन तर पहिल्यांदाच खेड्यात भरतंय, पंडित नेहरू अध्यक्ष, चित्रकार नंदलाल बोस बांबूने सगळं सजवतायत, पोलिसांचं लक्ष असणारच. प्रेमात नसलेल्या तारबाबूला एखादी तार आली की तो ती पुढे पाठवून देतो, विषय संपला. आता त्या तारेत तिच्या गटातल्या कोणाचं नाव असेल तर? पाठवली तर ती जाईल, दाबली तर नोकरी जाईल, आणि घरी म्हातारे आईबाप त्याच पगारावर बसलेत. इथे त्याला काहीतरी ठरवावं लागतं, आणि जे ठरेल ते एकट्याचं राहत नाही, कारण स्टेशनमास्तर दुसरा कोणी खेळतोय, स्वयंसेवकांचा म्होरक्या तिसरा खेळतोय, त्या दोघांच्याही ताटात काहीतरी पडतं.

मी प्रत्येक प्रेमाला हीच एक कसोटी लावते. या दोघांचं जुळल्यामुळे तिसऱ्या कुठल्या पात्राचं आयुष्य बदललं का? बदललं असेल तर ते प्रेम गोष्टीत आहे. नसेल तर त्या दोघांच्या खासगी गप्पा आहेत, वाईट काही नाही त्यात, पण मग त्यांची जागा ग्रुपच्या मुख्य चॅनेलवर नाही.

सांगून पटत नाही म्हणून नमुना देते. ग्रुपमध्ये साधारण अशी पोस्ट पडते:

«तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तिला सगळं जग दिसलं. गार वारा सुटला होता. तो काहीच बोलला नाही पण त्याच्या मनातलं तिला कळलं, त्याचंही काळीज धडधडत होतं.»

यात लिहिणारीने दोन गोष्टी केल्या. एक तर समोरच्याच्या पात्राचं काळीज स्वतःच धडधडवून टाकलं, म्हणजे त्याला लिहायला काही शिल्लक ठेवलं नाही. दुसऱ्याच्या पात्राच्या मनातलं आपण लिहायचं नाही हा नियम मारामारीत सगळे पाळतात आणि प्रेमात सगळे विसरतात. आणि दुसरं म्हणजे याला उत्तर एकच, त्यानेही तिच्याकडे पाहिलं. सहा जणांपैकी पाच जण हे वाचून फोन खाली ठेवणार. आता हाच सीन असा बघा:

«सावद्याकडची पॅसेंजर लागायला वेळ होता. यमुनेने पिशवीतून दशमीचं फडकं काढून तारघराच्या खिडकीत ठेवलं. फडक्याच्या कोपऱ्याला छापखान्याची शाई लागली होती, ते तिच्या आत्ता लक्षात आलं. ‘जेवना का तू?’ तिने विचारलं आणि लगेच आवाज खाली घेतला, कारण हमालांच्या बाकावरचा माणूस मघापासून विडी पेटवत नव्हता, नुसती बोटांत धरून बसला होता.»

प्रेम यातही आहे, उलट जास्त आहे. अमळनेरची पोरगी सभेत शुद्ध बोलते आणि याच्याशी अहिराणीत बोलते, एवढ्यानेच जवळीक कळते, डोळ्यांत जग दाखवायची गरज पडत नाही. आणि बाकीच्यांसाठी काय काय पडलंय बघा. बाकावरचा माणूस कोणीही होऊ शकतो, पोलिसांचा खबऱ्या, तिचा चुलतभाऊ, नुसता झोपाळलेला हमाल, ज्याला हवं त्याने उचलावं. शाई लागलेलं फडकं आता तारघरात पडून आहे, सकाळी स्टेशनमास्तर येईल तेव्हा त्याला ते दिसेल का नाही हे स्टेशनमास्तर खेळणाऱ्याच्या हातात. मी माझ्या ग्रुपमध्ये एवढंच मागते की प्रेमाच्या सीनमधल्या निदान एका पोस्टमध्ये तिसऱ्याला धरता येईल असं काहीतरी ठेवा. वस्तू, आवाज, साक्षीदार, उशीर, काहीही. लिहिणारे तयार असले की हे फार लवकर अंगवळणी पडतं.

आणि आपल्याकडे तर हे जास्तच सोपं आहे. खानदेशातल्या गोष्टीत दोघंच दोघं सापडायला जागा तरी कुठे आहे? प्रेम होतं ते भरल्या माणसांत होतं. सीन नेऊन ठेवायचा तर सारंगखेड्याच्या यात्रेत ठेवा, घोड्यांच्या बाजारात एक बाप घोड्याचे दात बघतोय आणि मागे पोरगी भलतीकडे बघतेय. थंडीतल्या भरीत पार्टीत ठेवा, शेतात काड्यांवर वांगी भाजतायत, एक जण कळण्याच्या भाकरी मोडतोय, सगळ्यांना धूर लागतोय आणि दोघांची चुकामूक चाललीय, सात जणांना सात कामं आहेत तिथे. कानबाईच्या सणाच्या रात्री ठेवा, सगळी भाऊबंदकी एका घरात जमलेली असते.

मला स्वतःला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सगळ्यात जास्त आवडते. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधलेले, गाणी चालू, आणि झोक्यावरच्या गाण्यांत बायका जे बोलून घेतात ते एरवी कोणासमोर बोलत नाहीत. त्याच आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष संपतं आणि नवं ठरतं. आता समजा एका पात्राचं मन त्या घरच्या सालदारावर आहे आणि गावातला दुसरा शेतकरी त्याला जास्त देऊन फोडायला बघतोय. तुम्हाला वेगळी वेळमर्यादा घालायला नको, सणानेच घातली. सौदा करणारा एक खेळाडू, बाप एक, झोक्यावर टोमणे मारणाऱ्या मैत्रिणी दोन, आणि त्यांच्या टोमण्यांतून बापाला सुगावा लागतो का नाही हे कोणालाच आधी माहीत नसतं. प्रेमाचा सीन आहे आणि सहा जण लिहितायत. जातीचा, ऐपतीचा प्रश्न यात येणार, येऊ द्या, फक्त सुरू करायच्या आधी सगळ्यांना विचारून घ्या की कुठपर्यंत जायचं.

आता खेळाडूंबद्दल, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पात्रांचं जुळणं वेगळं आणि माणसांचं वेगळं, हे तोंडाने सगळेच म्हणतात. पण महिनोन्महिने रोज रात्री एकाच माणसाने तुमच्या पात्राला जीव लावून लिहिलं की थोडंफार आत झिरपतंच. लाइव्ह रोलप्ले करणारे याला ब्लीड म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, अशा भावनेसाठीच आपण खेळतो, पण ते होतंय हे ओळखता आलं पाहिजे. माझ्याकडच्या खुणा साध्या आहेत. पात्र रुसलं म्हणून खेळाडू गुड मॉर्निंगलाही उत्तर देईनासा झाला, एकाने दुसऱ्या कोणासोबत सीन लिहिला की दुसऱ्याला राग आला, किंवा पोस्टला उशीर झाला तर ‘कुठे होतीस’ असा हिशोब सुरू झाला, की मी सीन थांबवते आणि दोघांशी वेगवेगळं बोलते. ओरडायला नाही, विचारायला.

दुसरं, ग्रुपमध्ये एकटीच मुलगी असली की काय होतं ते पोरांना दिसत नाही म्हणून लिहितेय. ती वैद्यीण घेऊन येते, दरोडेखोरीण घेऊन येते, आठवड्याभरात तीन पात्रं तिच्या प्रेमात पडलेली असतात. तिला औषधं शोधायची होती, दरोडा घालायचा होता, आणि तिच्या वाट्याला नकार लिहिण्याचं काम आलं. अशा कितीतरी चांगल्या लिहिणाऱ्या मुली काही न बोलता निघून गेल्या आणि ग्रुप म्हणत राहिला की मुलींना रोलप्लेमध्ये इंटरेस्ट नसतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे, कुठलंही पात्र दुसऱ्या खेळाडूच्या पात्राच्या प्रेमात पडणार असेल तर आधी गोष्टीच्या बाहेर, साध्या शब्दांत विचारायचं, ‘असं करायचा विचार आहे, तुला चालेल का?’ नको म्हटलं तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. आणि हो म्हटलेलं नंतर नको करता येतं, गोष्टीच्या मध्यावरही.

यासाठी तयार पद्धती आहेत, नव्याने काही शोधायला नको. रॉन एडवर्ड्स नावाच्या गेम डिझायनरची लाइन्स आणि व्हेल्स पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. लाइन म्हणजे जे गोष्टीत येणारच नाही, व्हेल म्हणजे जे घडतं पण पडद्याआड, दार लागलं आणि पुढची पोस्ट दुसऱ्या सकाळची. जॉन स्टॅव्ह्रोपोलोसचं एक्स-कार्डही तसंच, कोणीही एक खूण टाकली की चालू मजकूर थांबतो किंवा बदलतो, कारण द्यावं लागत नाही. डिस्कॉर्डवर आम्ही त्याला एक इमोजी ठरवून ठेवलाय. आमच्याकडे शारीरिक जवळीक सगळीच पडद्याआड असते आणि त्यामुळे गोष्टीचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही, उलट दुसऱ्या सकाळची पोस्ट लिहायला लोकांना जास्त मजा येते, कारण आता चहा करताना कोण कोणाच्या नजरेला नजर देत नाही ते लिहायचं असतं.

वयाबद्दल मात्र चर्चा नाही. अठराच्या आतल्या खेळाडूच्या पात्राचा मोठ्या माणसाच्या पात्राशी रोमान्स नाही, कितीही सोज्वळ असला तरी नाही, पात्राचं वय काहीही लिहिलेलं असलं तरी नाही. आणि अठराच्या आतली पात्रं अशा सीनमध्ये नाहीत. १९३६ सालच्या गोष्टीत कोणीतरी हमखास म्हणेल की तेव्हा लग्नं लहानपणीच व्हायची. व्हायची, ते गोष्टीत घडलेलं दुःख म्हणून येऊ शकतं, रोमान्स म्हणून येणार नाही. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची वयं माहीत नसतील तर आज आधी तेवढं करा.

मेसेजच्या ढिगाऱ्याचं थोडक्यात. ते दोघं रात्री लिहितात, बाकीचे सकाळी ड्युटीवर जाताना उघडतात तर दोनशे न वाचलेले मेसेज, त्यात आपल्या कामाचं काय हे शोधायला कोणाला वेळ आहे? भुसावळात अर्धे लोक शिफ्टला असतात, हे दुखणं मला चांगलं ओळखीचं आहे. दोघांचा सीन वेगळ्या थ्रेडमध्ये हलवा, आणि सीन संपला की त्याच दोघांनी मुख्य चॅनेलवर तीन-चार ओळींत लिहायचं, काय घडलं, कोणाला काय कळलं, कोणती वस्तू कुठे राहिली. गोष्टीतली वेळही बांधून घ्या, म्हणजे मुख्य चॅनेलवर संध्याकाळ चालू असताना हे दोघं थ्रेडमध्ये पुढचा आठवडा उरकून मोकळे असं होणार नाही. बाकी डिस्कॉर्डचा साधा मेसेज दोन हजार अक्षरांत संपतो आणि देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी पोस्ट इंग्रजीपेक्षा लवकर तुटते आणि एका पोस्टचे तीन तुकडे होऊन ढीग अजून मोठा दिसतो. जरा आटोपशीर लिहायला सांगा, गोष्टही सुधारते.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्याकडे लवकरच येणार आहे. दोघांनी एकमेकांना कबुली दिली की बहुतेक ग्रुपमध्ये गोष्ट तिथेच झोपते. जुळेल का, या एका प्रश्नावर सगळं चाललेलं असतं आणि त्याचं उत्तर मिळालेलं असतं. मग लिहिणारे कृत्रिम भांडणं काढतात, गैरसमज, जुनी प्रेयसी, आजारपण. त्याऐवजी कबुली लवकर होऊ द्या आणि पुढचा प्रश्न बाहेरून येऊ द्या. तुमच्याकडे तो आयताच आहे, डिसेंबरात अधिवेशन संपणार, टिळकनगरचे, म्हणजे अधिवेशनाच्या तळाचे, बांबू सुटणार, स्वयंसेविका अमळनेरला परत जाणार आणि हा भुसावळच्या तारघरात राहणार. मग? नोकरी सोडतो का, ती घरी सांगते का, सांगितलं तर कोणाला आधी? यात दोघांचे घरचे येतात, म्होरक्या येतो, आणि दाबलेल्या तारेचा हिशोबही कधीतरी समोर येतो.

आणि दोघांपैकी एक खेळाडू मध्येच निघून गेला तर काय, हेही आत्ताच दोघांना विचारून ठेवा, प्रेमात असलेलं पात्र अर्धवट टांगून ठेवणं राहिलेल्यावर फार अन्याय असतो, तो ना पुढे जाऊ शकत ना वाट बघणं थांबवू शकत. रेल्वेच्या माणसाची बदली होते, पोरीचं घरचे ठरवतात, तुरुंगवास होतो, १९३६ मध्ये कारणांना तोटा नाही. कोणाचं पात्र कसं जाईल हे त्याच्याच संमतीने ठरलेलं असलं की राहिलेल्याला एक चांगलं निरोपाचं पत्र तरी लिहिता येतं.

तर तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात असं केलं असतं. पहिलं, वयं आणि लाइन्स. मग त्या दोघांशी बोलले असते, आणि बोलताना तक्रारीच्या सुरात अजिबात नाही, कारण तुमच्या ग्रुपमध्ये सध्या मनापासून लिहिणारे तेच दोघं आहेत, त्यांना अपराधी वाटलं तर तेही जातील आणि मग सातातले चार उरतील. त्यांना सांगा की तुमचं प्रेम मला गोष्टीच्या मध्यभागी हवंय, त्यासाठी त्यात बाकीच्यांना हात घालू द्या. मग मुख्य चॅनेलवर एक तार येऊ द्या, जळगावहून, रात्रीची, तिच्यात नाव तिचं नको, ज्या खेळाडूने गेले पंधरा दिवस काही लिहिलं नाही त्याच्या पात्राचं नाव टाका. तारबाबूला ती वाचावी लागेल, तिला सांगावी लागेल, आणि तिला त्या तिसऱ्याला शोधत जावं लागेल. सोडून गेलेल्या माणसाला नुसतं ‘परत ये’ म्हणू नका, त्याने यायचं ठरवावं असं एक काम घेऊन जा, बाकावर विडी धरून बसलेला तो माणूस त्याला देऊन बघा. तारेचा मजकूर लिहायला मदत लागली तर इथेच टाका, मी बघते.